याच्यावर नोकरी मिळते का?

कोयनेच्या भूकंपांचे आलेख वाचण्यात माझी उभी नोकरी गेली. एम.एस्सी.च्या मुलांपुढे मी दोन आलेख ठेवायचे, एक कोयनेच्या धक्क्याचा, दुसरा अणुस्फोटाचा, आणि म्हणायचे, ओळखा. भूकंपात खडक घसरतो, त्यामुळे पहिली रेघ कुठे वर जाते, कुठे खाली. स्फोट चहूबाजूंनी ढकलतो, म्हणून रेघ सगळ्या केंद्रांवर आधी वरच उसळते. स्फोटाच्या पी-लहरी, म्हणजे सगळ्यात आधी पोचणाऱ्या, ठसठशीत, पृष्ठलहरी मात्र दुबळ्या. मुलं रंगून जायची. मग हमखास प्रश्न यायचा, "मॅडम, याच्यावर नोकरी मिळते का?"

मिळते, पण त्यांना नाही. 1996च्या सर्वंकष अणुचाचणीबंदी करारासाठी व्हिएन्नात संघटना आहे. भूकंपलहरी, समुद्रातले आवाज, हवेतला किरणोत्सारी झेनॉन असं सगळं ती टिपते. उत्तर कोरियाचे सहाही स्फोट तिच्या केंद्रांनी पकडले. तिथल्या जागा सही केलेल्या देशांच्या नागरिकांना. भारताची सही नाही, आणि आहे त्या अटींवर ती करूही नये असं माझं मत आहे. पण हे काम शिकायला सही कशाला लागते?

1998च्या पोखरण स्फोटांच्या ताकदीबद्दल परदेशी भूकंपतज्ज्ञांचे आकडे आपल्यापेक्षा कमी होते. 2009मध्ये त्या चाचण्यांत सहभागी असलेले शास्त्रज्ञ के. संथानम यांनीच शंका काढली. अणुऊर्जा खात्याने ती फेटाळली. वाद खूप गाजला, पण सरकारी पगारावर नसलेला आणि आलेख स्वतः तपासून बोलणारा माणूस आपल्या विद्यापीठांत शोधावा लागत होता.

आता आलेख चाळायला कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. तिचं कुठे चुकलं हे सांगायला हाताने आलेख वाचलेलं कुणीतरी हवंच. अमेरिका-रशियाच्या 'न्यू स्टार्ट' या अण्वस्त्रमर्यादा कराराची मुदतही 5 फेब्रुवारी 2026ला संपली. एकमेकांच्या तळांवर जाऊन मोजणी करायची सोय त्यात होती, ती 2020पासून बंदच होती, आणि 2023मध्ये रशियाने करारातला सहभागही स्थगित केला. म्हणजे लांबून ओळखणाऱ्यांची गरज वाढली आहे.

कराडला केंद्र सरकारची बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. शेजारच्या विद्यापीठाने तिच्याशी जोडून भूकंपशास्त्र, किरणोत्सार-मापन आणि करारांचा अभ्यास एकत्र शिकवावा, पाच वर्षांच्या पगाराची हमी असलेल्या दोन-तीन संशोधनवृत्त्या द्याव्यात. पैसा सरकारचाच हवा असं नाही. किंबहुना नसलेलाच बरा. साखरेच्या पैशांवर आपण इंजिनिअरिंग कॉलेजं काढली, त्यापुढे हा खर्च काहीच नाही.