मंगळाऐवजी मानकोली

परवा भिवंडीतल्या एका सभागृहात लूमवाल्यांसमोर कुणा तज्ज्ञाचं व्याख्यान झालं. पडद्यावर चकचकीत धातूचा रोबॉट दाखवून ते बजावत होते, दहा वर्षांत हे येतील आणि तुमचं काम काढून घेतील. पहिल्या रांगेतले एक मालक निवांत मोबाइल बघत होते. त्यांचे माग केव्हाच भंगारात गेलेत. सुताचे भाव, विजेचं बिल आणि मंदी यांनी ते काम रोबॉटशिवायच उरकलं.

जुन्या भविष्यांचा मला राग नाही, ती ताजी म्हणून खपवणाऱ्यांचा आहे. धोटे आपोआप विणू लागले तर मालकांना गुलाम लागणार नाहीत, असं अ‍ॅरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'मध्ये लिहून गेला. भिवंडीत धोटा विजेवर धावू लागून कित्येक दशकं झाली. कारीगर अजून बारा तासांची पाळी मागांमध्ये उभ्याने काढतोय, मजुरी मीटरवर.

जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या विज्ञान कादंबरीतला वामन आठवा. माणसाहून हुशार यंत्रमानव, आणि आपल्यासारखेच आणखी घडवायची त्याची आस. १९८० च्या दशकात वाचताना अंगावर काटा यायचा. पण यंत्राला बुद्धी आली की शरीरही त्याचंच असणार, हे त्यातलं गृहीतक भिवंडीजवळच्या पूर्णा-राहनाळच्या गोदामांनी मोडीत काढलं. ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या गोदामात शाम्पूशेजारी गाइड, गाइडशेजारी कुकरची शिटी. कुठला माल कुठे, हे एकाही माणसाला सांगता येत नाही. ते फक्त संगणकाला ठाऊक. जुन्या गाळ्यातले मेहताजी डोळे मिटून गाठ दाखवायचे, त्यांची गरजच संपली. आता विशीतला पोरगा हातात स्कॅनर घेऊन तो सांगेल त्या रॅककडे चालतो. वस्तू काढली, बीप, पुढचा रॅक. रेंगाळला तर तेही नोंदलं जातं. डोकं यंत्राचं, पाय पोराचे. वामनला आणखी शरीरं घडवायची होती. इथे ती कंत्राटदार रोज सकाळी टेम्पो भरून आणतो. रोबॉट महाग, पोरगं स्वस्त. उद्या हिशेब उलटला तर रोबॉट येईलही, पण तोवर या पोराच्या गोष्टीला लेखक नाही.

कसा असेल? आपल्या विज्ञानकथेत नायक कायम शास्त्रज्ञ, बहुधा पुण्याचा, आणि त्याच्या बंगल्यात चहा आपोआप येतो. हमाल तिथे दार उघडायलासुद्धा नसतो. पुरावा मागू नका, माझ्या कपाटातल्या पुस्तकांवरून बोलतोय.

 

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना विनंती आहे. पुढची कथा सुरू करण्याआधी मंगळाऐवजी भिवंडीजवळच्या मानकोलीला उतरा आणि एका गोदामात पूर्ण रात्रपाळी करा. स्कॅनर तिथेच मिळेल.