शेवटचा ‘डी’ कुठे गेला?

परवा आमच्या वस्तीतली एक मुलगी नोकरीचा अर्ज दाखवायला घेऊन आली. बी. कॉम. झालेली, संगणक येणारी. अर्जातले पहिलेच वाक्य, ‘आय हॅव पास बी. कॉम.’ आणि खाली जातीच्या रकान्यात ‘शेड्यूल कास्ट’. दोन्हीकडे शेपूट तुटलेले.

मी विचारले तर म्हणाली, “काका, बोलताना ऐकूच येत नाही, मग लिहायचे कसे लक्षात राहणार?”

पोरीचे म्हणणे खोटे नाही. नियमित क्रियापदाला भूतकाळात ‘ई-डी’ लागते, पण तिचे उच्चार तीन. ‘टी’ किंवा ‘डी’च्या आवाजानंतर ‘इड’ : ‘वॉन्टिड’. ‘क’, ‘प’, ‘स’, ‘श’, ‘च’, ‘फ’ यांच्यानंतर नुसता ‘ट’ : ‘वर्क्ट’, ‘पास्ट’. बाकी सगळीकडे ‘ड’ : ‘प्लेड’, ‘ओपन्ड’. हे ‘ट’ आणि ‘ड’ बोलताना गिळले जातात. म्हणून ‘हॅव’नंतर क्रियापद आले की कानावर विसंबू नये, ‘ई-डी’ लिहावीच. नियमित क्रियापदांचे एक सोपे आहे : भूतकाळाचे रूप आणि ‘हॅव’नंतरचे रूप एकच.

आता ‘शेड्यूल्ड कास्ट’. शेड्यूल म्हणजे सूची. तिचेच क्रियापद करून ‘डी’ लावला की ‘सूचीत घातलेली’, म्हणजेच अनुसूचित. आपण मराठीत ‘केलेला’, ‘झालेला’ म्हणतो, तेच काम हा ‘डी’ करतो. १९३५ च्या कायद्यात हा शब्द असाच आहे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातही. त्याच आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. ज्या शब्दावर आपल्या मुलांचे अर्ज चालतात, तो तरी पुरा लिहावा!

‘केलेला’ला ‘ई-डी’, तसे ‘करणारा’ला ‘आय-एन-जी’. यातही फसगत होते. मुलाखतीत एक मुलगा म्हणाला, ‘आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन धिस जॉब’. म्हणजे मीच मोठा मजेदार माणूस आहे! त्याला म्हणायचे होते ‘इंटरेस्टेड’.

स्पेलिंगचे थोडक्यात. शेवटी ‘ई’ असेल तर नुसता ‘डी’ लावा. ‘आय-एन-जी’ लावताना मात्र तो ‘ई’ बहुधा जातो. ‘अप्लाय’मध्ये ‘वाय’च्या आधी व्यंजन आहे, म्हणून ‘वाय’चा ‘आय’ होऊन ‘अप्लाइड’. पण ‘अप्लाइंग’मध्ये ‘वाय’ तसाच. ‘प्ले’मध्ये ‘वाय’च्या आधी ‘ए’ हा स्वर आहे, म्हणून काही बदलत नाही. ‘सबमिट’ला जोर शेवटी, म्हणून ‘सबमिटेड’मध्ये ‘टी’ दोनदा. ‘व्हिजिट’ला जोर सुरुवातीला, म्हणून ‘व्हिजिटेड’मध्ये एकदाच.

एक चूक माझ्या स्वतःच्या पदरची. नोकरीला लागलो त्या वर्षी मी एका पत्रात ‘वुई डिड नॉट रिसीव्ड’ असे लिहिले. साहेबांनी लाल शाईने गोल काढला आणि कागद सगळ्या टेबलांवरून फिरवला. चूक काय ते मात्र कोणी सांगितले नाही. घरी येऊन रात्री व्याकरणाचे पुस्तक उघडले तेव्हा कळले. आपण ‘पत्र मिळाले नाही’ म्हणतो, त्यात ‘मिळाले’ भूतकाळातच राहते. इंग्रजीत ‘डिड’ने भूतकाळ आपल्या अंगावर घेतला की पुढचे क्रियापद मोकळे : ‘डिड नॉट रिसीव्ह’.

मुलीने अर्ज पुन्हा लिहून नेला आहे. मुलांनो, तुम्ही वही काढा आणि ‘कॅरी, स्टॉप, स्टे, ओपन, अ‍ॅडमिट’ यांना ‘ई-डी’ आणि ‘आय-एन-जी’ लावून पाहा. उत्तरे पुढच्या अंकात.