कशावरून?

वर्षभर एक गोष्ट खटकत राहिली. विषय संगीताचा असो, राजकारणाचा असो की कृत्रिम बुद्धिमत्तेचा, मत प्रत्येकाकडे तयार असतं. ते कशावरून बनलं, असं विचारलं की समोरचा चिडतो. २०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. मधल्या काळात घोषणा भरपूर ऐकल्या. सहा वर्षांच्या मुलाला तिसरी भाषा कितपत पेलते, ती शिकवणार कोण, यावर बोलणारे मोजके, आणि त्यांचं ऐकून घेणारे त्याहून मोजके.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल तर ‘सगळं थोतांड’ आणि ‘माणसाचं काम संपलं’ ही दोनच मतं कानी येतात. २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’साठी मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. ‘अल्फाफोल्ड’ची उत्तरं प्रयोगांतून ठरलेल्या, पण तोवर जाहीर न झालेल्या रचनांशी ताडून पाहिली गेली होती, वकिलांनी निवाडे धड शोधलेही नाहीत. तेव्हा यंत्र उपयोगी की निरुपयोगी, हे सरसकट ठरवण्याआधी त्याचं उत्तर पडताळायची सोय आहे का, हे विचारायला हवं.

गाण्याला कसला आलाय पुरावा, असं कुणी म्हणेल. आवडीला नसतोच. मारवा राग आवडत नाही म्हणून कुणी मैफलीतून उठून गेलं, तर त्याला जाब विचारू नये. ‘अमक्या घराण्यात आता दम उरला नाही’ हा मात्र निवाडा झाला. त्याला कारणं द्यावी लागतात. संगीतशास्त्रकार भातखंड्यांचंच पाहा. त्यांनी राग दहा थाटांत, म्हणजे स्वरसंचांत, बसवले. मधुवंतीत गंधार कोमल, मध्यम तीव्र आणि बाकीचे स्वर शुद्ध. असा थाट त्या दहांत नाही. ही उणीव बोट ठेवून दाखवता येते, कारण भातखंड्यांनी आपलं म्हणणं स्वरांनिशी छापून ठेवलं. खोडता येईल इतकं स्पष्ट बोलायला हिंमत लागते, आणि आपल्याकडे नेमकी तीच आटत चालली आहे.

लोकशाहीत मताचा अधिकार सर्वांना आहे, हा आक्षेपही ठरलेला. अधिकार आहेच. मतदान गुप्त असतं, त्याचं कारण कुणी विचारू नये. चारचौघांत मांडलेलं मत मात्र दुसऱ्याला पटावं म्हणूनच मांडलेलं असतं, मग ‘कशावरून?’ या प्रश्नाचा राग कशाला? बिनबुडाचं पण गुळगुळीत मत तर आता यंत्रही क्षणात लिहून देतं, तेही फुकट.

यंदाच्या अंकाचा विषय ‘कान’ आहे. संपादकीयाशी त्याचा संबंध ओढूनताणून लावल्यासारखा वाटला, तर वाटू द्या. अंक वाचून नेहमीसारखी पत्रं पाठवालच. लेख आवडला नाही, तर कोणत्या पानावरचं कोणतं विधान चुकलं आणि का, तेही लिहा. अशी पत्रं आधी छापू.