रस्ता कोरडा असताना निघा

‘2005 ला पाणी आमच्या उंबऱ्याला शिवलं नव्हतं.’ पंचगंगा-कृष्णाकाठी दर पावसाळ्यात हे ऐकू येतं, आणि जाणती माणसंच म्हणतात म्हणून खोडून काढणं अवघड जातं. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये दोन्ही नद्यांनी 2005 च्या खुणा बुडवल्या. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोका पातळी 45 फूट. तेव्हा पाणी 57 फुटांवर गेलं. जुनी खूण पुढच्या पुराची हमी देत नाही.

त्याहून मोठी चूक उंबऱ्याला माप मानण्यात आहे. घरात पाणी शिरण्याच्या कितीतरी आधी सखल रस्ता आणि ओढ्यावरचा पूल बुडतो. घर कोरडं, पण वाट बंद. ‘बोटी येतीलच’ म्हणणाऱ्यांनी पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ आठवावं. 8 ऑगस्ट 2019 रोजी तिथे पुरातून बाहेर पडणाऱ्यांनी गच्च भरलेली बोट उलटली, बायकामुलं बुडाली.

एक आक्षेप मात्र खरा आहे: जनावरांचा. दोन म्हशींवर ज्याचं घर चालतं, त्याला ‘फक्त जीव वाचवा’ म्हणणं निर्दयपणाचं आहे. पण भरल्या पुरात म्हैस बोटीत कशी घालणार? ती रस्त्यानेच निघू शकते. म्हणूनच जनावरं असलेल्याने सगळ्यांच्या आधी निघायला हवं. करवीर तालुक्यातल्या चिखलीचे लोक अलीकडे पाणी चढू लागलं की गुरांसह सोनतळीला जातात. त्यांना भित्रं कोण म्हणेल?

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. आपल्या गावचा रस्ता किती फुटांना बंद होतो, हे गावात कुणाला तरी पाठ असतंच. तो आकडा भिंतीवर लिहावा आणि त्याच्या आत घर सोडावं. सातबारा, आधार, रेशनकार्ड, पासबुक जूनमध्येच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावं, म्हाताऱ्यांच्या गोळ्याही. कुठल्या पाहुण्यांकडे जायचं, अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याला कोण उचलणार, हे आधी ठरलेलं असावं. निघताना मेन स्विच आणि गॅस बंद. चोरीची धास्ती खोटी नाही. तिच्यावर उपाय पोलिसांची गस्त, माळ्यावर बसून राहिलेला म्हातारा नव्हे.

आणि प्रशासनाने छावणीत माणसांच्या जेवणाआधी वैरण पोचवावी. रिकाम्या दावणीला म्हैस बांधायला कुणी गाव सोडणार नाही.