बॅकअप लाइन होती, मग लिंक गेली कशी?

बँकेत रांगेत उभं राहावं, नंबर यावा आणि काउंटरमागून ऐकू यावं, 'लिंक गेलीय, थांबा थोडं.' हे वाक्य न ऐकलेला खातेदार विरळाच. अनेक शाखांमध्ये दुसरी, पर्यायी लाइनही असते. तरीही काम का थांबतं? कॅनडातल्या एका मोठ्या बिघाडातून याचं उत्तर बरंचसं मिळतं.

रॉजर्समध्ये काय घडलं?

8 जुलै 2022 च्या पहाटे रॉजर्स या टेलिकॉम कंपनीत नेटवर्क अपग्रेडचं काम सुरू होतं. त्यात एका राउटरवरचा फिल्टर काढला गेला. 'अमुक ठिकाणी जायचं तर माझ्याकडून जा' अशी माहिती राउटर एकमेकांना सतत देत असतात. ती मर्यादेत ठेवणं हे फिल्टरचं काम. तो निघताच मुख्य राउटरांवर मार्गांचा लोंढा आला आणि काही मिनिटांत ते कोलमडले. 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहकांना फटका बसला. इंटरॅक ही देशभरातली डेबिट कार्ड यंत्रणा अडकली. सेवा सावरायला सुमारे 26 तास लागले.

दुरुस्तीला इतका वेळ का लागला, हे पाहिलं तर खरी चूक दिसते. बिघडलेल्या राउटरपर्यंत दुरून पोहोचण्याची इंजिनिअरांची वाटही त्याच नेटवर्कवरून जात होती. त्यांचे स्वतःचे फोनही रॉजर्सचेच. आपसात बोलण्यासाठी दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं मिळवावी लागली. घराची दुसरी किल्ली त्याच घरात ठेवून कुलूप लावावं, तसंच हे.

अर्धमेली लाइन सर्वांत वाईट

त्या दिवशी अनेकांना 911 हा आपत्कालीन नंबरही लागेना. स्वतःच्या कंपनीचा सिग्नल नसेल, तर अशा कॉलसाठी मोबाइल दुसऱ्या कंपनीचा टॉवर पकडतो. पण रॉजर्सचे टॉवर सिग्नल देत होते, बंद होतं ते मागचं नेटवर्क. फोनच्या दृष्टीने सगळं ठीक होतं, मग तो दुसरीकडे जाईल कशाला?

शाखेतल्या राउटरचंही असंच होतं. केबल तुटली, तर त्याला लगेच कळतं. पण वायर शाबूत आहे, दिवा हिरवा आहे आणि बिघाड पाच स्टेशनं पलीकडे आहे, असं असेल तर साध्या सेटिंगचा राउटर त्याच मेलेल्या वाटेवर डेटा पाठवत राहतो. पर्यायी लाइन शेजारी रिकामी पडून असते.

म्हणून राउटर शेजाऱ्याला ठरावीक वेळाने 'आहेस का?' असं विचारतात. ओएसपीएफ पद्धतीत साधारणपणे दर 10 सेकंदांनी हाक जाते आणि 40 सेकंद उत्तर आलं नाही, तर शेजारी मेला असं धरलं जातं. मोठी नेटवर्कं जोडणाऱ्या बीजीपीत अनेक राउटरांवर हा काळ 180 सेकंद असतो. तीन मिनिटं! तेवढ्यात यूपीआयचे कितीतरी व्यवहार अधांतरी लटकतील.

मग वेळ कमी का करत नाहीत? करतात. बीएफडी नावाच्या सोयीने सेकंदाच्या आतही बिघाड ओळखता येतो. पण राउटर फारच उतावळा केला, तर लाइन जरा लुकलुकली तरी तो इकडून तिकडे उड्या मारत बसतो. तो त्रास लाइन जाण्याहून कमी नसतो.

डायल-अपच्या काळातला धडा

ही कसरत जुनी आहे. बँका कोअर बँकिंगकडे वळत होत्या, तेव्हा 64 केबीपीएसच्या लीज्ड लाइनला आयएसडीएनचा आधार देण्याची पद्धत होती. मुख्य लाइन गेली की राउटर चक्क फोन लावायचा. आयएसडीएनचा कॉल एक-दोन सेकंदांत जुळे, साध्या मोडेमला अर्धं मिनिट लागे. बिल कॉलच्या वेळेनुसार येई, त्यामुळे किती सेकंद थांबून डायल करायचं आणि मुख्य लाइन परतल्यावर किती वेळाने फोन ठेवायचा, हे दोन्ही आकडे विचार करून घालावे लागत. गंमत म्हणजे, ती दर 10 सेकंदांची 'आहेस का?' ही हाकच कधी कधी कॉल तुटू देत नसे. चूक कळायची ती महिनाअखेरीस, बिल पाहून.

आज आयएसडीएनच्या जागी 4जी सिम आलं, बिलाची धास्ती गेली. पण दोन्ही लाइन वेगळ्या कंपन्यांच्या असल्या, तरी पुढे त्यांच्या केबल एकाच चरातून जातात का, हे किती ठिकाणी तपासलं जातं? आणि भर कामाच्या वेळी मुख्य केबल काढून पाहण्याची हिंमत कोण करतं?

भारतात नियम काय?

8 नोव्हेंबर 2023 रोजी ऑस्ट्रेलियात ऑप्टसचे सुमारे 90 राउटर मार्गांची माहिती मर्यादेबाहेर वाढल्याने आपोआप नेटवर्कपासून तुटले. 2,145 लोकांना 000 हा आपत्कालीन नंबर लागला नाही. नियामकाने कंपनीला 1.2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक दंड केला.

भारतात ट्रायच्या 2024 च्या नियमांनुसार 4 तासांहून मोठ्या बिघाडाची माहिती कंपनीला ट्रायला द्यावी लागते. ग्राहकाला भरपाई मात्र जिल्ह्यातली सेवा 24 तासांहून अधिक बंद राहिली तरच मिळते. ऑप्टसची सेवा सुमारे 14 तासांत परतली होती. भारतात तसाच बिघाड झाला, तर ग्राहकाच्या हाती काहीच पडणार नाही.