गजर कोणासाठी?

बिगुलाआधी उठून अभ्यास करणाऱ्यांमध्ये सध्या गजर मोठा करण्याची चढाओढ लागली आहे. कोणी घड्याळ स्टीलच्या ताटात ठेवतो. घड्याळाबरोबर ताटही थरथरतं आणि आवाज वाढतो. कोणी आतला बझर बदलून ट्रान्झिस्टर जोडतो. डोकं चांगलं चालवलंय, पण मला हे पटत नाही. आवाज दुप्पट वाटायला तो सुमारे 10 डेसिबल, म्हणजे शक्तीने दहापट वाढवावा लागतो. तो एका खाटेपुरता राहत नाही. तापामुळे पहाटे कुठे डोळा लागलेला मित्रही दचकून उठतो. त्यापेक्षा साधंच घड्याळ खाटेच्या पायथ्याशी ठेवा. बंद करायला उठावंच लागेल. आणि दिवे गेल्यावर गप्पा थांबवा. झोप पुरी झाली की लहान गजरही पुरतो.