कार्निटिनची उणीव आणि ज्येष्ठांचा थकवा

वयोमानानुसार थकवा येणारच, असे म्हणून घरातील ज्येष्ठांच्या अनेक तक्रारी बाजूला सारल्या जातात. त्यांपैकी काहींच्या मुळाशी कार्निटिनची उणीव असू शकते. हा पदार्थ पेशींतला हमालच म्हणावा. स्निग्धाम्लांचे लांब रेणू तो पेशीतील तंतुकणिकांत वाहून नेतो आणि तेथे त्यांपासून ऊर्जा निर्माण होते. हमालच अपुरे पडले, तर अंगात चरबी असूनही स्नायू दुबळे राहतात. कधी हृदयाचे स्नायूही क्षीण होतात, तर कधी उपाशीपोटी रक्तातील साखर घसरते.

१९०५ साली कार्निटिन मांसाच्या अर्कात सापडले व त्याचे नावही मांसवाचक लॅटिन शब्दावरून पडले. म्हणून शाकाहारी माणसाला त्याची उणीव असणारच, असे काहींना वाटते. पूरक गोळ्या विकणाऱ्यांना हा समज सोयीचाच! वस्तुतः आपले यकृत व मूत्रपिंडे लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून ते तयार करतात. डाळी, दूध व धान्ये पुरेशी खाणाऱ्या निरोगी व्यक्तीस तेवढे पुरते.

जन्मजात दोषामुळे होणारी उणीव बहुधा बालपणीच प्रकट होते. उतारवयात मात्र दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. पहिले डायलिसिस. त्यात अशुद्ध द्रव्यांबरोबर कार्निटिनही गाळले जाते आणि निकामी मूत्रपिंडे ते पुरेसे बनवू शकत नाहीत. उपचार चालू असताना वारंवार पेटके येणे वा रक्तदाब घसरणे यांस इतर कारणेही असतात. परंतु ती तपासूनही उलगडा होत नसेल, तर कार्निटिनविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

दुसरे, फिट्‌सवर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध. त्याने कार्निटिन घटते आणि रक्तातील अमोनिया वाढू शकतो. मग आजोबा दिवसभर गुंगीत राहतात, बोलण्यात गोंधळ होतो, उलट्या होतात. घरचे समजतात, स्मृतिभ्रंश सुरू झाला. यकृताच्या नेहमीच्या चाचण्या ठीक असतानाही असे घडते. म्हणून अमोनियाची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते. गुंगी वाढत असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. औषध मात्र परस्पर बंद करू नये. फिट्‌स उसळण्याचा धोका असतो.

उपचारासाठी लेव्होकार्निटिन दिले जाते. त्याने मळमळ, जुलाब होऊ शकतात, अंगाला माशासारखा वासही येतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर त्याच्या गोळ्या दुकानातून आणून स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत. त्यांच्या शरीरात या गोळ्यांपासून बनणारी नको असलेली द्रव्ये साचतात. म्हणून डायलिसिसच्या रुग्णांना गरज भासल्यास ते डायलिसिस संपताना शिरेतून देतात.